पंधरा दिवसांचा मुक्काम

येशू ख्रिस्त खरोखर होऊन गेला की तो पुराणपुरुष, हा विषय निघाला की मराठीतली चर्चा फार लवकर दोन टोकांना जाते. एक बाजू म्हणते, चमत्कार खोटे, म्हणून माणूसही खोटा. दुसरी म्हणते, रोमन इतिहासकाराने नाव घेतले आहे, म्हणून शुभवर्तमानातले, म्हणजे बायबलातल्या येशूचरित्रांतले, सगळे खरे. दोन्ही वाक्यांत ‘म्हणून’ चुकीच्या जागी बसला आहे. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले ही कथा ज्याला पटत नाही, तोही देहूला तुकाराम बोल्होबा नावाचा माणूस राहत होता हे नाकारत नाही. माणूस होता का, हा एक प्रश्न. त्याच्याभोवती जमलेल्या कथांत इतिहास किती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराव्याकडे पाहता ‘होता’ असेच द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर श्रद्धावंतांना वाटते त्याहून फारच तुटपुंजे आहे, आणि अनेक विद्यापीठीय ग्रंथ ज्या आत्मविश्वासाने येशूचे चरित्र लिहितात त्या मानानेही तुटपुंजेच आहे. पहिल्या उत्तराचा भार रोमन इतिहासकार टॅसिटस किंवा यहुदी इतिहासकार जोसेफस यांच्यावर टाकण्याची सवय मात्र सोडायला हवी. तो भार पेलणारे एक छोटे पत्र आहे आणि त्यात एका पंधरा दिवसांच्या मुक्कामाचा उल्लेख आहे.

वाद जुना आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दशकात व्होल्ने आणि द्युपुई यांनी ख्रिस्त म्हणजे सूर्याचे रूपक आणि बारा शिष्य म्हणजे बारा राशी अशी मांडणी केली. १८३५ साली जर्मनीत डाव्हिड स्ट्राउसने येशूचरित्राची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्याने येशूचे अस्तित्व नाकारले नव्हते. शुभवर्तमानातल्या कथा म्हणजे जुन्या करारातल्या अपेक्षांतून श्रद्धावंत समाजाने विणलेली मिथके आहेत, एवढेच त्याचे म्हणणे होते. पण तेवढ्यानेही त्याची अध्यापनातली कारकीर्द संपली. त्याच्या अर्थाने मिथक म्हणजे थाप नव्हे, श्रद्धेने घेतलेले कथेचे रूप. मराठीत ‘पुराण’ या शब्दाला पूर्वी नेमके हेच वजन होते. थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात येशूची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत बांधली आणि १६१६ साली ती छापून निघाली, तेव्हा तिला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणताना त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. ‘पुराणातली वानगी’ हा टोमणा डोक्यात ठेवून हा वाद वाचू गेले की स्ट्राउसचे म्हणणेच हातातून निसटते.

‘माणूस नव्हताच’ हे खणखणीतपणे सांगणारे नंतर आले. ब्रूनो बाउअर, मग १९०९ साली कार्ल्सरूहचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आर्थर ड्रेव्ज, ज्यांच्या मांडणीवर पुढच्याच वर्षी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात दोन दिवस जाहीर वाद झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे जी. ए. वेल्स यांनी हा पक्ष चिकाटीने लढवला, आणि नव्वदीच्या दशकात आपले मत बदलून गालीलमधला एक खराखुरा उपदेशक मान्य केला. २०१४ साली रिचर्ड कॅरियर यांनी संभाव्यतेच्या गणिताने हाच पक्ष नव्याने मांडला. आज या विषयावर बोलणाऱ्याने निदान वेल्स आणि कॅरियर या दोघांशी झुंजायला हवे. ‘बहुसंख्य अभ्यासक अस्तित्व मानतात’ हे वाक्य खरे असले तरी तो पुरावा नव्हे. या क्षेत्रातल्या कितीतरी जागा धर्मशास्त्राच्या विद्यालयांत आहेत, आणि तिथे काही उत्तरे आधीच ठरलेली असतात.

पुरावा तपासताना पहिली अडखळण क्रमात होते. नवा करार उघडला की आधी चार शुभवर्तमाने येतात, मग प्रेषितांची कृत्ये, मग पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रे. लिहिले गेले त्या क्रमाने पाहिले तर पत्रे आधीची. पौलाच्या नावावर तेरा पत्रे आहेत. त्यांतली सात त्याची स्वतःची यावर जवळपास एकमत आहे: रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनला लिहिलेले चिमुकले. ही साधारण इ. स. ५० ते ६० या काळातली. शुभवर्तमानांपैकी मार्क सत्तरच्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान शतकाच्या अखेरीस. मत्तय आणि लूक यांनी मार्क समोर ठेवून लिहिले आहे, त्यामुळे तिघांत एकच प्रसंग आला म्हणजे तीन साक्षीदार झाले असे होत नाही. बऱ्याचदा तो एकच साक्षीदार असतो आणि बाकीचे दोघे त्याची नक्कल सुधारून लिहिणारे.

पौलाचा काळ ठरतो कसा, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण इथेच ‘दोन हजार वर्षांपूर्वीचे कोण सांगणार’ हा आक्षेप कोसळतो. ग्रीसमध्ये डेल्फी येथे सम्राट क्लॉडियसच्या एका पत्राचे शिलालेखाचे तुकडे सापडले. त्यात गॅलिओ या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे आणि सम्राटाच्या बिरुदावरून त्याचा काळ इ. स. ५२ च्या आसपास जातो. हा गॅलिओ म्हणजे सेनेका या तत्त्ववेत्त्याचा भाऊ. करिंथमध्ये पौलाला त्याच्यापुढे उभे केले असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. तो ग्रंथ उशिराचा, म्हणून केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे. पण पौल स्वतः एका पत्रात सांगतो की अरेत राजाचा अधिकारी दमास्कस नगरावर पहारा ठेवून होता तेव्हा त्याला टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडले. हा नबाती राजा चौथा अरेत इ. स. ४० च्या सुमारास मेला. म्हणजे पौल त्याआधीच ख्रिस्ताचा अनुयायी झालेला होता. गलतीकरांच्या पत्रात तो आपला हिशेब देतो: मनःपरिवर्तनानंतर तीन वर्षांनी यरुशलेमची पहिली भेट, आणि चौदा वर्षांनी दुसरी. ही चौदा वर्षे कुठून मोजायची यावर मतभेद आहेत, शिवाय त्या काळी अर्धवट वर्षही पूर्ण धरत. दोन-तीन वर्षे इकडे-तिकडे होतात. तरी पहिली भेट तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पडते, येशूच्या वधाच्या नेहमी धरल्या जाणाऱ्या, म्हणजे इ. स. ३० च्या सुमाराच्या, तारखेनंतर दहा वर्षांच्या आत.

त्या भेटीत काय झाले? पौल लिहितो की केफाशी, म्हणजे पेत्राशी ओळख करून घ्यायला तो यरुशलेमला गेला आणि त्याच्याकडे पंधरा दिवस राहिला. प्रेषितांपैकी दुसरा कोणी त्याला भेटला नाही. भेटला तो फक्त प्रभूचा भाऊ याकोब.

हे वाक्य कशासाठी लिहिले आहे ते आधी समजून घ्यायला हवे. गलतीयातल्या ख्रिस्ती मंडळींना कोणीतरी सांगत होते की पौल हा दुय्यम प्रेषित, यरुशलेमच्या लोकांकडून ऐकलेले पुढे सांगणारा. पौल चिडून उत्तर देतो की माझा संदेश मला कोणा माणसाकडून मिळालेला नाही. यरुशलेमशी आपला संबंध जितका कमी दिसेल तितका त्याला हवा आहे. अशा माणसाने आपणहून कबूल केलेली भेट म्हणजे न्यायालयात स्वतःच्या बाजूविरुद्ध दिलेल्या जबानीसारखी आहे. याकोबाला तो आवडीने पुढे करत नाही. पुढच्याच अध्यायात याकोबाकडची माणसे अंत्युखियाला आल्यावर पेत्राने बिगरयहुद्यांबरोबर जेवायचे थांबवले, यावरून पौलाचे पेत्राशी तोंडावर भांडण झाले. ज्याच्या नावाने आपली अडचण होते असा हयात माणूस, त्याचे नाते, आणि ते सहज, जाता जाता दिलेले.

अस्तित्व नाकारणाऱ्यांना या वाक्याची वाट लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते त्यांना ठाऊक आहे. त्यांचे मुख्य उत्तर असे: ख्रिस्ती लोक एकमेकांना भाऊ म्हणत, सगळेच देवाचे दत्तक पुत्र, म्हणून ‘प्रभूचा भाऊ’ म्हणजे बाप्तिस्मा झालेला साधा ख्रिस्ती, जो प्रेषित नाही असा. उत्तर विचारपूर्वक दिलेले आहे, पण दुसऱ्या ठिकाणी ते अडते. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल विचारतो, इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा यांच्याप्रमाणे बायकोला बरोबर घेऊन प्रवास करण्याचा हक्क आम्हाला नाही का? तिथे ‘प्रभूचे भाऊ’ हा ओळखता येणारा, मान असलेला लहानसा गट आहे, ज्याच्या सोयीसवलती उदाहरण म्हणून देता येतात. सामान्य ख्रिस्ती माणसाला मंडळींच्या खर्चाने सपत्नीक प्रवासाचा हक्क होता, असे मानले तर पौलाचा सगळा युक्तिवादच पोकळ होतो. दुसरे असे की पौल साध्या अर्थाने ‘भाऊ’ हा शब्द पत्रांमधून शेकड्याने वापरतो, पण ‘प्रभूचा भाऊ’ ही शब्दयोजना या दोनच जागी करतो.

कॅथलिक परंपरा इथे वेगळे सांगते: मरिया अखंड कुमारी, म्हणून हे भाऊ म्हणजे चुलत-मावस भाऊ. चौथ्या शतकात जेरोमने हे ठासून मांडले. मराठीत ‘भाऊ’ म्हटले की चुलत, मावस, आते, मामे सगळे त्यात मावतात, त्यामुळे आपल्याला हे ओढूनताणून केलेले वाटणार नाही. ग्रीकमध्ये चुलतभावाला वेगळा शब्द होता, एवढे नोंदवून पुढे जाऊ. कारण सख्खा असो की चुलत, स्वर्गातल्या काल्पनिक व्यक्तीला यरुशलेमच्या गल्लीत राहणारा कोणताच भाऊ नसतो.

प्रक्षेपाची शंकाही रास्त म्हणून तपासावी लागते. हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली ती प्रती लावून, प्रक्षेप बाजूला काढूनच. तीच पद्धत इथे चालते. पौलाच्या पत्रांचे सर्वांत जुने उपलब्ध संकलन म्हणजे इ. स. २०० च्या आसपासचे पपायरसचे हस्तलिखित. त्याची पाने आज डब्लिन आणि मिशिगन इथे विभागलेली आहेत. त्यात हे वाक्य आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती गुरूने वापरलेल्या आवृत्तीत ही पहिली भेट नसावी असा काहींचा तर्क आहे, पण तो टीकाकारांच्या मौनावर उभा आहे. मार्सियनची प्रत आज कोणाकडेच नाही. प्रक्षेप म्हणायचे तर कोणाच्या फायद्यासाठी, हेही सांगावे लागते. दुसऱ्या शतकात मरियेच्या कौमार्याला महत्त्व चढत असताना कोणी लेखनिक मुद्दाम येशूला भाऊ कशाला चिकटवील?

पौलाबद्दलचा उलट मुद्दाही पूर्ण वजनाने मांडायला हवा, कारण तो खरा आहे. पौल येशूच्या आयुष्याबद्दल थक्क करणारे मौन पाळतो. एकही दृष्टांत नाही, एकही चमत्कार नाही, गालील नाही, नासरेथ नाही. निर्विवाद पत्रांत पिलाताचे नाव नाही. घटस्फोटाविषयीची एक आज्ञा, उपदेशकांच्या पोटापाण्याविषयीची एक, शेवटच्या रात्रीची भाकर आणि प्याला. हाती लागते ते जवळजवळ एवढेच. यावरूनच अस्तित्व नाकारणारे अर्ल डोहर्टी आणि कॅरियर म्हणतात की पौलाचा ख्रिस्त आकाशाच्या खालच्या थरात दुष्ट शक्तींनी वधलेला स्वर्गीय पुरुष होता आणि मार्कने त्याला पृथ्वीवर उतरवले. ‘या युगाच्या अधिपतींनी’ प्रभूला क्रुसावर दिले, असे पौल एके ठिकाणी म्हणतोही. पण तोच पौल त्याला स्त्रीपासून जन्मलेला, नियमशास्त्राखाली जन्मलेला, देहाने दाविदाच्या बीजाचा आणि इस्राएलांपैकी म्हणतो. हे स्वर्गात बसवायचे तर दाविदाचे बीज देवाने वर राखून ठेवले होते आणि त्यातून तो देह घडवला, असे मानावे लागते. कॅरियर यांनी तसे सुचवलेही आहे. असे काही पौलाने कुठे लिहिलेले नाही. सिद्धान्त टिकवण्यासाठी ते बाहेरून आणावे लागते. पौलाच्या मौनाचे साधे कारण असे की ही पत्रे चरित्र सांगायला लिहिलेलीच नाहीत. ती भांडणे मिटवायला लिहिली आहेत, आणि ज्या माणसांना येशू प्रत्यक्ष ठाऊक होता त्यांच्याशीच पौलाची स्पर्धा होती. त्यांच्या हातातली आठवणींची ताकद तो आपल्या पत्रात कशाला वाढवील?

आता टॅसिटस आणि जोसेफस. टॅसिटस इ. स. ११६ च्या सुमारास नीरोच्या काळातल्या रोमच्या आगीबद्दल लिहिताना सांगतो की तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. वाक्य अस्सल दिसते. ख्रिस्ती माणूस आपल्या धर्माला असे घृणास्पद ठरवून लिहिणार नाही. पण तो पिलाताला ज्या पदनामाने संबोधतो ते नंतरच्या काळातले आहे. १९६१ साली कैसरिया येथे सापडलेल्या दगडावर पिलाताचे खरे पदनाम प्रिफेक्ट असे कोरलेले आहे. तेव्हा टॅसिटसने सरकारी दप्तर पाहिले असे म्हणता येत नाही, आणि त्याची माहिती ख्रिस्ती लोकांच्याच बोलण्यातून आली असणे शक्य आहे. स्वतंत्र पुरावा म्हणून त्याला नाचवणे बरोबर नाही.

जोसेफसचा मोठा परिच्छेद ख्रिस्ती हातांनी बिघडवलेला आहे यात शंका नाही. ‘हाच ख्रिस्त होता’ हे वाक्य यहुदी राहिलेल्या जोसेफसने लिहिले असते तर तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिगेनने, जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असे सांगितले नसते. ते वाक्य, ‘त्याला माणूस म्हणावे की नाही’ ही शंका आणि तिसऱ्या दिवशीचे दर्शन एवढे काढले की उरलेला मजकूर जोसेफसच्या शैलीत बसतो, असे बरेच अभ्यासक मानतात. बसतोही. तरी ज्या भिंतीला एकदा गिलावा करून झाला आहे तिच्यातली मूळ वीट कोणती, हे गिलावा खरवडून शपथेवर सांगू नये. त्याचा दुसरा, छोटा उल्लेख जास्त भरवशाचा आहे: इ. स. ६२ मध्ये मुख्य याजक हनान याने ‘ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ’ याकोब याला दगडमार करवून ठार केले. कॅरियर यांच्या मते या वाक्यातला मूळचा येशू हा त्याच उताऱ्याच्या शेवटी येणारा दामनेयाचा मुलगा येशू. मात्र त्या येशूची ओळख जोसेफस शेवटी बापाच्या नावाने नव्याने करून देतो. तोच माणूस आधी येऊन गेला असता तर ही ओळख आधीच झाली असती. ‘ख्रिस्त म्हटल्या गेलेल्या’ हे शब्दही थंड, दूर उभे राहून लिहिलेले आहेत. आणि ज्याची पौलाशी गाठ पडली तोच याकोब पुन्हा समोर येतो.

‘मग समकालीन कोणीच कसे लिहिले नाही?’ हा प्रश्न विचारण्याआधी त्या जागी काय लिहिले जात होते ते पाहावे. पिलात दहा वर्षे यहुदियाचा कारभारी होता. रोमन इतिहासग्रंथांत त्याचे नाव येते ते टॅसिटसच्या त्या एकाच वाक्यात, तेही ख्रिस्तामुळे. बाकी यहुदी तत्त्वज्ञ फिलो, जोसेफस, शुभवर्तमाने, काही नाणी आणि तो दगड. बाप्तिस्मा करणारा योहान, जो लोकप्रिय होता आणि ज्याला हेरोद अंतिपाने ठार केले, तो ख्रिस्ती लेखनाबाहेर फक्त जोसेफसमध्ये भेटतो. गालीलच्या खेड्यांत वर्ष-दोन वर्षे फिरलेला आणि सणाच्या गर्दीत पकडून मारलेला माणूस रोमच्या दप्तरात हवा होता, ही अपेक्षाच चुकीची. मौन पुरावा ठरते ते लेखकाला माहिती असण्याचे कारण होते, तो विषय त्याच्या कामाचा होता आणि त्याचे ते लेखन आज टिकले आहे, हे तिन्ही दाखवता आले तरच. येशूच्या बाबतीत तिन्ही एकत्र दाखवता येतील असा लेखक सापडत नाही.

येशूच्या इतर देवांशी असलेल्या साम्यांचा मुद्दा लोकांमध्ये सर्वांत जास्त फिरतो आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा आहे. रोमन काळातला देव मिथ्र कुमारीपोटी जन्मला म्हणतात. प्रत्यक्षात त्याच्या मूर्ती त्याला खडकातून बाहेर येताना दाखवतात. २५ डिसेंबरला अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस असल्याची नोंद इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात आहे, पण शुभवर्तमानांत जन्माची तारीखच नाही, तेव्हा या साम्यातून पहिल्या शतकाबद्दल काहीच निघत नाही. १८२७ साली पेरेस नावाच्या फ्रेंच ग्रंथपालाने द्युपुईची हीच पद्धत वापरून नेपोलियन कधी झालाच नाही हे सिद्ध करून दाखवले: नाव सूर्यदेव अपोलोचे, आई लेतिझिया म्हणजे अपोलोची आई लेतो, चार भाऊ म्हणजे चार ऋतू, बारा सेनापती म्हणजे बारा राशी. त्या वेळी सेंट हेलेनावरच्या कबरीला सहाच वर्षे झाली होती.

आपल्याकडे हे साम्य नावाच्या ध्वनीवरून काढले जाते, आणि ते दोन्ही दिशांनी काढले गेले आहे. १९१३ च्या ग्रंथात रा. गो. भांडारकरांनी असे सुचवले की बाळकृष्णाची उपासना आभीरांनी बाहेरून आणली असावी आणि कदाचित ख्रिस्ताचे नावही सोबत आणले असावे. गोव्यात आणि बंगालमध्ये कृष्णाचा उच्चार क्रिस्तोसारखा होतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तीस-पस्तीस वर्षांनी याच महाराष्ट्रात बाबाराव सावरकरांचे पुस्तक निघाले, ज्यात ख्रिस्तच मूळचा तमिळ हिंदू ठरला. पुढे पु. ना. ओकांनी सगळा ख्रिस्ती धर्म कृष्णनीतीपासून काढला. भांडारकरांचा संयम आणि बाकीच्यांचा उत्साह यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण एकाच ध्वनिसाम्यातून ख्रिस्तापासून कृष्ण आणि कृष्णापासून ख्रिस्त दोन्ही निघत असतील, तर त्या साम्यातून काहीच निघत नाही. ख्रिस्त हे नावच नव्हे. ‘अभिषिक्त’ या अर्थाच्या हिब्रू ‘मशीहा’चे ते ग्रीक भाषांतर, तेल लावणे या अर्थाच्या धातूपासून बनलेले. कृष्ण म्हणजे काळा. लडाखच्या हेमिस मठात येशूचे चरित्र मिळाल्याचा रशियन प्रवासी नोटोविचचा १८९४ चा दावाही असाच. पुढच्या वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले आणि असे हस्तलिखित इथे नाही, असे मठाच्या प्रमुखांनी त्यांना सांगितले. तरीही ही गोष्ट मराठीत आजही नवीन शोध म्हणून सांगितली जाते, याचे वाईट वाटते.

कॅरियर यांचे गणित याहून गंभीर आहे. ते आधी वीरकथांच्या एका साच्याने सुरुवात करतात: राजवंशी कुमारी माता, जन्मताच जिवावर बेतणे, परदेशी वाढ, डोंगरावर मृत्यू, अशी बावीस लक्षणे. ज्यांना निम्म्याहून अधिक लागू पडतात ते बहुतेक काल्पनिक, म्हणून येशूही ऐतिहासिक असण्याची सुरुवातीची शक्यता फार तर तीनात एक. मग बाकीचा पुरावा घालून त्यांच्या पसंतीच्या आकड्यांनी ती बारा हजारांत एकाहूनही खाली जाते. सूत्र बरोबर आहे, चूक त्यात घातलेल्या वर्गात आहे. येशूला ती लक्षणे चिकटतात ती मत्तयात, म्हणजे उशिराच्या थरात. पौलाच्या पत्रांत त्यांतली मोजकीच. हेच गणित ‘जोसेफसने नोंदवलेले, सत्तेने मारलेले पहिल्या शतकातले यहुदी उपदेशक’ या वर्गापासून सुरू केले तर सुरुवातच जवळजवळ खात्रीपासून होते, कारण त्यांतला कोणी काल्पनिक आहे असे कोणी म्हणत नाही. १९६५ साली फ्रान्सिस अटली या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने तो साचा अब्राहम लिंकनला लावून बावीसपैकी बावीस गुण दिले होते. दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांनी वर्गाची निवड झाकली जाते, एवढेच.

अस्तित्व मानणाऱ्यांचे घरही नीट झाडायला हवे. मत्तयानुसार येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला, आणि हेरोद इ. स. पू. ४ मध्ये मेला. लूक त्याचा जन्म क्विरिनियच्या शिरगणतीशी जोडतो, ती इ. स. ६ ची. दहा वर्षांची ही दरी कुठल्याही टीकाकाराला प्रामाणिकपणे बुजवता आलेली नाही. मत्तयात कुटुंब बेथलेहेमचेच, पुढे नासरेथला जाते. लूकमध्ये ते नासरेथचे, फक्त जन्मापुरते बेथलेहेमला येते. दोन्ही कथा रचलेल्या आहेत. या रचनेतून निघते ते एवढेच की तो नासरेथचा होता हे दोघांना बदलता आले नाही. मनाने घडवलेला मशीहा भाकितानुसार सरळ बेथलेहेमचाच केला असता. क्रुसावरचे वस्त्रांचे वाटप आणि ‘माझा त्याग का केलास’ हा आक्रोश बावीसाव्या स्तोत्रातून आलेला आहे, म्हणून मार्कचे ते पान वार्तांकन समजून वाचू नये.

‘लाजिरवाण्या गोष्टी कोणी रचत नाही’ हा निकषही जपून वापरावा. योहानाकडून बाप्तिस्मा घेणे नंतरच्या लेखकांना अडचणीचे वाटले हे दिसते: मत्तयात योहान आधी नकार देतो, चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा वगळलाच आहे. पण मार्कला तो अडचणीचा वाटलेला नाही, म्हणून मार्कने रचला नाही हे यातून सिद्ध होत नाही. गोष्ट मार्कइतकी जुनी आहे, एवढे होते. अमेरिकेत १९८५ पासून एका अभ्यासगटाने रंगीत मणी टाकून येशूच्या एकेका वचनावर मतदान घेतले आणि शंभरातली अठराच्या आसपास वचने अस्सलच्या जवळपास ठरवली. मतदानातून अभ्यासकांचे मत कळते, वचनाचे वय कळत नाही. आणि २००२ साली ‘येशूचा भाऊ याकोब’ असे कोरलेली हाडपेटी गाजली तेव्हा किती जणांनी ती बाजारातून आली आहे, उत्खननातून नव्हे, याकडे काणाडोळा केला! पुढच्याच वर्षी इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने ती कोरीव ओळ बनावट ठरवली. खटला २०१२ साली सुटकेत संपला, पण सुटका म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. याकोबासाठी पौलाचे पत्र पुरते; पेटीची गरज नव्हती.

हा सगळा प्रवास बुद्धाच्या बाबतीत एकदा होऊन गेला आहे. १८७५ च्या सुमारास सेनार या फ्रेंच पंडिताने बुद्धचरित्रात सूर्यकथा पाहिली आणि डच पंडित कर्न त्याच वाटेने आणखी पुढे गेले. पाली ग्रंथांचा अभ्यास वाढला, १८९६ मध्ये लुंबिनीचा अशोकस्तंभ सापडला आणि तो सिद्धान्त ओसरला. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी मराठीत बुद्धचरित्र लिहिताना मग खरे काम केले: म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दर्शने मुळात विपस्सी या आधीच्या बुद्धाच्या कथेतली, गोतमावर नंतर चढवलेली, हे त्यांनी सुत्तांवरून दाखवले. माणूस ठेवला, पुटे उतरवली. येशूबाबत मराठीत असे पुस्तक हवे आहे, जे पुटे कोणती ते घाबरल्याशिवाय सांगेल.

तोवर गलतीकरांचे पत्र सगळ्यांना उपलब्ध आहे, अवघ्या सहा अध्यायांचे. केफाच्या घरचे पंधरा दिवस आणि याकोबाची भेट सांगितल्यावर पौल तिथेच, पुढच्याच वाक्यात, देवासमक्ष शपथ घेतो की मी लिहितो आहे यात काही खोटे नाही. शपथ घ्यावी लागली, कारण ज्यांना हे पत्र वाचून दाखवले जाणार होते त्यांच्यात यरुशलेमला जाऊन खुद्द याकोबालाच विचारून येऊ शकणारी माणसे होती.